भरती-ओहोटीच्या वेळापत्रकानुसार पक्षिनिरीक्षण : ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यातील उन्हाळी क्षेत्रभेट

सारांश : किनारी अभयारण्यातील पक्षिनिरीक्षण हे बहुधा हिवाळ्याशी जोडले जाते. ठाणे खाडीच्या संदर्भात मात्र एप्रिल व मे हे महिने अभ्यासाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे ठरतात. रोहित पक्ष्यांचे थवे या काळात खाडीत असतात आणि उत्तरेकडे परतणारे किनारपक्षी विणीच्या रंगात दिसतात. प्रस्तुत लेखात या क्षेत्रभेटीची आखणी भरती-ओहोटीच्या वेळांनुसार कशी करावी, याचे विवेचन केले आहे. ओहोटीत पक्षी अभयारण्यात चरतात, तर भरतीत त्यांपैकी पुष्कळ पक्षी अभयारण्याबाहेरील पाणथळ जागांवर विसावतात. त्यामुळे केवळ अभयारण्याच्या सीमेचे रक्षण केल्याने पक्ष्यांचे संरक्षण पूर्ण होत नाही, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : पक्षिनिरीक्षण, ठाणे खाडी, रोहित, भरती-ओहोटी, पाणथळ जागा, क्षेत्रभेट.

१. प्रस्तावना

पदवी स्तरावरील पर्यावरण अभ्यासक्रमात क्षेत्रकार्याला महत्त्वाचे स्थान देण्यात आले आहे. परिसरातील वनस्पती, कीटक व पक्षी यांची प्रत्यक्ष ओळख हा त्या क्षेत्रकार्याचा एक भाग होय. प्रत्यक्षात मात्र अनेकदा क्षेत्रभेटीला सहलीचे स्वरूप येते. सकाळी दहा वाजता बस निघते, दुपारी अभयारण्यात पोहोचते, विद्यार्थी छायाचित्रे काढतात आणि ‘पक्षी फारसे दिसले नाहीत’ असे अहवालात लिहून मोकळे होतात. यात दोष पक्ष्यांचा नसतो, तर भेटीच्या वेळेचा असतो.

जंगलातील पक्ष्यांचा दिवस सूर्याच्या गतीने चालतो. पहाट व संध्याकाळ या त्यांच्या हालचालीच्या वेळा होत. खाडीतील पक्ष्यांचा दिवस मात्र प्रामुख्याने चंद्राच्या गतीने चालतो. पाणी ओसरले की त्यांच्या अन्नाचे भांडार उघडते आणि पाणी चढले की ते बंद होते. रात्रीची ओहोटी असेल तर हे पक्षी रात्रीही चरतात. खाडीवरच्या पक्षिनिरीक्षणाचा हा पहिला नियम लक्षात घेतला, तर एकाच दिवसाच्या भेटीत पक्षिजीवन, सागरविज्ञान, लोकज्ञान आणि पर्यावरणविषयक कायदे या चारही विषयांचा परस्परसंबंध विद्यार्थ्यांपुढे उभा करता येतो.

२. ठाणे खाडी व अभयारण्य : परिचय

ठाणे खाडी ही मुंबई व साष्टीचे भूभाग आणि नवी मुंबईचा किनारा यांच्यामध्ये पसरलेली, सुमारे २६ किलोमीटर लांबीची खाडी आहे. उत्तरेस ती उल्हास नदीच्या मुखप्रवाहाशी एका अरुंद फाट्याने जोडलेली असून दक्षिणेस मुंबई बंदराच्या विस्तीर्ण जलाशयात मिसळते. दोन्ही काठांवर कांदळवनांचे दाट पट्टे आहेत. त्यांत तिवराचे प्राबल्य आहे. ओहोटीच्या वेळी या कांदळवनांपुढे मऊ, काळ्या चिखलाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात. वरवर निर्जीव भासणाऱ्या या चिखलाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म शैवालांचा थर असतो. त्याच्या आत वलयांकित कृमी, खेकड्यांची पिले, लहान शिंपले आणि निवट्या यांचे जग नांदत असते. खाडीतील पक्षिजीवनाचा सर्व डोलारा या चिखलावर उभा आहे.

ऑगस्ट २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने या खाडीचा १६.९०५ चौरस किलोमीटरचा भाग ‘ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य’ म्हणून अधिसूचित केला. त्यात सुमारे ८.९६ चौरस किलोमीटर कांदळवन व ७.९४ चौरस किलोमीटर जलक्षेत्र समाविष्ट आहे. मालवणनंतरचे हे राज्यातील दुसरे सागरी अभयारण्य होय. २०२१ मध्ये त्याभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र जाहीर झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये अभयारण्य व हे सभोवतालचे क्षेत्र मिळून सुमारे ६५ चौरस किलोमीटरच्या टापूला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वर व लोणार यांच्यानंतर हा दर्जा मिळवणारे ठाणे खाडी हे महाराष्ट्रातील तिसरे स्थळ आहे.

अभयारण्याचे व्यवस्थापन वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे आहे. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या या कक्षाने ऐरोली येथे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र उभारले असून तेथून मार्गदर्शकासह बोटीने खाडीत जाण्याची सोय केली आहे. शैक्षणिक भेटीसाठी हे केंद्र सर्वांत सोयीचे आरंभस्थान ठरते.

३. उन्हाळ्यातील भेटीचे वैशिष्ट्य

महाराष्ट्रातील बहुतेक तलावांवर मार्चनंतर पाहुणे पक्षी विरळ होत जातात. ठाणे खाडीत मात्र उन्हाळ्याला स्वतःचे असे दोन अध्याय आहेत.

पहिला अध्याय रोहित पक्ष्यांचा. साधारणतः नोव्हेंबरपासून त्यांचे थवे खाडीत उतरू लागतात आणि मे अखेरपर्यंत, म्हणजे मृगाच्या पावसाच्या तोंडापर्यंत, त्यांचा मुक्काम असतो. देशाच्या अंतर्भागातील उथळ पाणवठे उन्हाने आटत जातात, पण खाडीला समुद्र दिवसातून दोनदा पाणी पुरवतो. म्हणून उन्हाळ्यात अशा खाड्यांचे महत्त्व वाढते. या काळात मान उंचावून, डोके डावी-उजवीकडे झटकत, थव्याने एका लयीत चालणारे रोहित दिसतात. येणाऱ्या विणीच्या हंगामाची ती पूर्वतयारी असते. प्रत्यक्ष वीण मात्र येथे होत नाही. त्यासाठी पावसाचे पाणी भरलेले कच्छचे रण त्यांना लागते. २०२२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सहा रोहितांना उपग्रह-संदेशक बसवले. त्यांतील काही पक्षी पावसाळ्याच्या सुमारास गुजरातमधील भावनगरच्या किनाऱ्यापर्यंत गेल्याचे त्यातून दिसून आले. ठाण्याची खाडी व गुजरातचे किनारे हे एकाच पक्ष्याच्या वर्षाचे दोन भाग आहेत, असे यावरून म्हणता येते. विणीचे वय न झालेले काही करड्या रंगाचे रोहित पावसाळ्यातही खाडीत मागे राहतात.

दुसरा अध्याय किनारपक्ष्यांचा. हिवाळ्यात हे छोटे पक्षी राखी-तपकिरी दिसतात आणि नवशिक्या निरीक्षकाला सगळे सारखेच वाटतात. एप्रिलमध्ये त्यांचा रंग पालटू लागतो. बाकदार चोचीचा तुतवार पोटापासून मानेपर्यंत विटकरी होतो. चिखल्याच्या छातीवर तांबूस पट्टा उमटतो. काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याची मान तांबूस-नारिंगी होते. कुरव पक्ष्यांच्या डोक्यावर गडद तपकिरी टोपी चढते. जातींची ओळख पटवण्यासाठी याहून सोपा काळ वर्षभरात दुसरा नसतो. मेच्या मध्यापर्यंत यांतील बहुतेक प्रौढ पक्षी मध्य आशिया, सैबेरिया किंवा थेट उत्तर ध्रुववृत्ताकडे निघून जातात. म्हणून एप्रिलचा उत्तरार्ध व मेचा पहिला पंधरवडा हा या भेटीसाठी सर्वांत योग्य काळ समजावा.

यांखेरीज शेकाट्या, समुद्री बगळा, चित्रबलाक, पांढरा शराटी, खंड्या, वेडा राघू, ब्राह्मणी घार हे पक्षी उन्हाळ्यातही खाडीकाठी आढळतात. त्यामुळे नोंदवही रिकामी राहण्याचे कारण नाही.

४. रोहित : दोन जाती, दोन आहार

भारतात रोहिताच्या दोन जाती आढळतात आणि दोन्ही ठाणे खाडीत दिसतात. मोठा रोहित साधारणतः सव्वा ते दीड मीटर उंच, फिकट गुलाबी-पांढरा असतो. त्याची चोच गुलाबी असून केवळ टोक काळे असते. छोटा रोहित त्यामानाने बुटका, उंचीने मीटरच्या आत, रंगाने अधिक गडद असतो. त्याची चोच दुरून जवळजवळ काळी भासावी इतकी गर्द किरमिजी असते. खाडीतील संख्येत छोट्या रोहिताचे प्रमाण फार मोठे आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत या जातीचा समावेश ‘संकटसमीप’ गटात होतो. तिची बहुसंख्या पूर्व आफ्रिकेतील खाऱ्या सरोवरांवर राहते. आफ्रिकेबाहेर वायव्य भारत हाच तिचा प्रमुख आधार आहे. त्यामुळे ठाणे खाडीला जागतिक महत्त्व प्राप्त होते.

दोन्ही जाती एकाच चिखलात उभ्या राहूनही एकमेकींशी फारशी स्पर्धा करीत नाहीत. याचे उत्तर चोचीच्या रचनेत आहे. रोहित मान खाली घालून चोच उलटी करतो व पाण्यात बुडवतो. जाड, मांसल जीभ पंपाच्या दट्ट्याप्रमाणे मागे-पुढे होते आणि पाणी आत खेचून बाहेर फेकते. चोचीच्या कडांना असलेल्या बारीक झालरींच्या चाळणीत अन्न अडकते. छोट्या रोहिताची चाळण अत्यंत बारीक असते. तो प्रामुख्याने नीलहरित शैवाल व एकपेशीय शैवाल गाळून खातो. मोठ्या रोहिताची चाळण जाडसर असून त्याच्या आहारात लहान कवचधारी प्राणी, कृमी व अळ्या यांचा भरणा असतो. या अन्नातील कॅरोटिन वर्गाच्या रंगद्रव्यांमुळेच पिसांना गुलाबी रंग येतो. पिलू जन्मतः करडे असते आणि पुढील काही वर्षांत अन्नासोबत त्याचा रंग चढत जातो.

येथे एक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. महानगराचे सांडपाणी खाडीत येते आणि त्यातील नत्र व स्फुरद यांमुळे शैवालांची वाढ होते. छोट्या रोहितांना येथे मुबलक अन्न मिळण्यामागे हेही एक कारण असावे, असे अभ्यासकांचे मत आहे. याचा अर्थ प्रदूषण पक्ष्यांना हितकारक आहे असा मात्र नव्हे. त्याच पाण्यासोबत जड धातू व रसायनेही येतात. प्राणवायू घटला की चिखलातील इतर जीव नष्ट होतात आणि त्यांवर जगणारे किनारपक्षी उपाशी पडतात. ‘रोहित आहेत, म्हणजे खाडी निरोगी आहे’ हा निष्कर्ष म्हणूनच घाईचा ठरतो.

५. भरती-ओहोटीचे गणित

मुंबईच्या किनाऱ्यावर चोवीस तास पन्नास मिनिटांच्या सुमारास दोन भरत्या व दोन ओहोट्या येतात. एका पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत सरासरी सव्वासहा तास लागतात. दररोज ही वेळ सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या आसपास उधाण येते. मोठ्या उधाणात भरती व ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो आणि चिखलाचे पट्टे दूरवर उघडे पडतात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा पाणी फारसे चढत नाही व फारसे उतरतही नाही.

कोकण किनाऱ्यावरील कोळी समाजाजवळ या गणिताचे सोपे सूत्र परंपरेने चालत आले आहे. पक्षातील तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. उदाहरणार्थ, चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. पूर्ण भरती पहाटे व दुपारी तीनच्या सुमारास येईल. अष्टमीला ती सहाच्या सुमारास येईल. पौर्णिमा व अमावास्येला ती मध्यान्ह व मध्यरात्रीच्या जवळपास येईल. खाडीत जसजसे आत जावे, तसतशी भरती काहीशी उशिरा पोहोचते. नेमक्या वेळेसाठी छापील भरती-कोष्टकाचा आधार घ्यावाच. तथापि, विद्यार्थ्यांनी आधी तिथीवरून वेळ काढावी व नंतर ती कोष्टकाशी ताडून पाहावी. लोकज्ञान व विज्ञान परस्परांना कसे पूरक असतात, याचा तो उत्तम पाठ ठरतो.

६. क्षेत्रभेटीची आखणी

उन्हाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर सकाळी नऊनंतर उकाडा असह्य होतो आणि तापलेल्या चिखलावरील हवेच्या थरथरीमुळे दुर्बिणीतील प्रतिमाही अस्पष्ट होते. म्हणून सूर्योदयापासून, म्हणजे सुमारे सहा वाजल्यापासून, साडेनऊपर्यंतचा काळ निरीक्षणासाठी हाती असतो. या साडेतीन तासांत पाण्याची कोणती अवस्था येते, यावरून दिवस निवडावा. त्यासाठी दोन पर्याय संभवतात.

(अ) ओसरत्या पाण्याचा दिवस : तृतीया ते पंचमी या तिथींना पहाटे सव्वादोन ते पावणेचारच्या दरम्यान पूर्ण भरती होऊन सूर्योदयास पाणी ओसरत असते. चिखलाचे पट्टे टप्प्याटप्प्याने उघडतात आणि पक्षी त्यांवर येऊन बसतात. आधी कोणती जात येते, कोण पाण्याच्या कडेने चालते व कोण कोरड्या चिखलावर चोच खुपसते, याचा क्रम या दिवशी पाहता येतो.

(आ) चढत्या पाण्याचा दिवस : पौर्णिमा वा अमावास्येच्या आसपास पहाटे पाच-सहाला पूर्ण ओहोटी असते आणि दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण भरती येते. सकाळी पक्षी दूरवर विखुरलेले असतात. आठनंतर पाणी चढू लागले की ते हळूहळू काठाकडे सरकतात आणि निरीक्षकाला जवळून दिसतात. शेवटी चिखल बुडतो आणि थवे उठून उडतात. ते कोणत्या दिशेने जातात, हे पाहणे हाच या दिवसाचा मुख्य अभ्यास होय.

बोटीतून निरीक्षण करायचे असल्यास आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. बोटीला पाणी लागते आणि रोहिताला चिखल. पूर्ण ओहोटीत बोट चालत नाही व पूर्ण भरतीत रोहित चरत नाहीत. दोघांची गाठ पडते ती मधल्या मोजक्या वेळेत. म्हणून बोटीच्या वेळा दररोज बदलतात. केंद्राकडे आगाऊ चौकशी करूनच दिवस ठरवावा.

साहित्यात ८ × ४२ किंवा १० × ५० क्षमतेची दुर्बीण, शक्य असल्यास तिकाटण्यावरची एकनळी दुर्बीण, पक्षी ओळखण्याची पुस्तिका, वही, पेन्सिल, भरपूर पाणी व टोपी यांचा समावेश असावा. कपडे मातकट रंगाचे असावेत. मोठ्या थव्यांची गणना करताना एकेक पक्षी मोजणे शक्य नसते. अशा वेळी शंभर पक्ष्यांचा एक ठोकळा नीट मोजून त्याच्या आकाराचे किती ठोकळे थव्यात बसतात, याचा अंदाज घेतात. दोघांनी स्वतंत्रपणे मोजून आकडे ताडून पाहिल्यास चूक कमी होते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या २०१९ च्या गणनेत या परिसरात एक लाख वीस हजारांच्या आसपास रोहित आढळले होते. विद्यार्थ्यांची गणना एका छोट्या भागापुरतीच असली, तरी दरवर्षी त्याच जागी, त्याच तिथीच्या सुमारास, पाण्याच्या त्याच अवस्थेत केलेली नोंद कालांतराने मौल्यवान ठरते. नोंदीत दिनांक व वेळ यांबरोबर ‘पाण्याची अवस्था’ हा स्वतंत्र रकाना अवश्य असावा. तो नसेल तर खाडीवरील कोणत्याही दोन गणनांची तुलना व्यर्थ होय.

७. भरतीच्या वेळी पक्षी कोठे जातात?

बहुतेक क्षेत्रभेटी अभयारण्यातील निरीक्षणापाशी संपतात. वास्तविक पक्ष्याचा अर्धा दिवस तेथून पुढे सुरू होतो. चिखल बुडाल्यावर लांब पायांचा रोहित काही काळ उथळ पाण्यात तग धरतो. वितभर उंचीच्या टिलव्याला किंवा चिखल्याला ते शक्य नसते. कांदळवनाच्या दाट फांद्या या पक्ष्यांना विसाव्यासाठी उपयोगी पडत नाहीत. त्यांना मोकळी, चहूबाजूंनी दृष्टी पोहोचेल अशी, उथळ पाण्याची जागा हवी असते. तेथे ते पुढील ओहोटीपर्यंत एका पायावर उभे राहून विश्रांती घेतात व पिसे साफ करतात.

ठाणे खाडीच्या परिसरात अशा जागा कांदळवनाच्या मागे, वस्तीच्या कडेला आहेत. भांडुपच्या उदंचन केंद्रालगतची पाणथळ, कांजूर-भांडुप-मुलुंड पट्ट्यातील मिठागरे, नेरूळ-सीवूड्स भागातील तळी, उरण परिसरातील बेलपाडा, भेंडखळ व सुमारे २८९ हेक्टरची पाणजे पाणथळ ही त्यांची ठळक उदाहरणे होत. मिठागरे ही माणसाने मिठासाठी बांधलेली रचना आहे. परंतु बांध घातलेले तिचे उथळ कप्पे पक्ष्यांना नैसर्गिक विश्रामस्थळाइतकेच उपयोगी पडतात.

विश्रामस्थळ जवळ असण्याचे महत्त्व ऊर्जेच्या हिशेबातून समजते. दिवसातून दोनदा पक्ष्याला चरण्याच्या जागेवरून विसाव्याच्या जागी व परत असा प्रवास करावा लागतो. विसाव्याची जवळची जागा नष्ट झाली, तर हे अंतर वाढते आणि चरून मिळवलेली ऊर्जा उडण्यातच खर्च होते. एप्रिल-मेमध्ये हा हिशेब अधिकच काटेकोर होतो. हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी किनारपक्ष्यांना याच आठवड्यांत अंगात चरबी साठवायची असते. या काळात विश्रामस्थळावरून वारंवार उठवला गेलेला पक्षी अपुऱ्या शिदोरीनिशी निघतो. तो वाटेत कोसळला, तरी त्याचे कारण ठाण्याच्या खाडीकाठी घडले होते, हे कोणाच्याही ध्यानी येत नाही.

८. सीमेबाहेरील प्रश्न

अभयारण्याची सीमा नकाशावर स्थिर असते. पक्षी मात्र दिवसातून दोनदा ती ओलांडतो. या विसंगतीचे परिणाम अलीकडच्या काळात स्पष्टपणे दिसू लागले आहेत.

एप्रिल २०२४ मध्ये नेरूळ येथील एका तळ्यात भरतीचे पाणी येण्याचा मार्ग बंद होऊन तळे आटले आणि त्या परिसरात काही रोहित मृत व जखमी अवस्थेत आढळले. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवरून उतरणाऱ्या विमानाची रोहितांच्या थव्याला धडक बसून सुमारे ४० पक्षी मृत्युमुखी पडले. या दुर्घटनेचे एकच कारण सांगता येणार नाही. तथापि, विसाव्याच्या ठरलेल्या जागा विस्कळीत झाल्या की थव्यांचे मार्ग व वेळा बदलतात, ही बाब अशा दुर्घटनांचा विचार करताना दृष्टीआड करता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी व न्हावा यांना जोडणारा अटल सेतू खुला झाला. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून वाहतूक सुरू झाली. याचा अर्थ खाडीच्या दोन्ही अंगांना माणसाची वाहतूक वाढणार आहे.

कायद्याच्या बाजूने पाहता कांदळवनाला बऱ्यापैकी संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनतोडीस मनाई केली व २०१८ च्या निकालाने ती भूमिका दृढ केली. विसाव्याच्या मोकळ्या जागांची स्थिती मात्र निराळी आहे. २०१७ च्या पाणथळ जागा संवर्धन व व्यवस्थापन नियमांत पाणथळ जागेच्या व्याख्येतून मीठ उत्पादनासाठी बांधलेल्या जागा वगळण्यात आल्या आहेत. परिणामी पक्ष्याच्या दृष्टीने जी पाणथळ आहे, ती कायद्याच्या दृष्टीने केवळ मोकळी जमीन ठरते. २०२४ मध्ये मुलुंड, कांजूर व भांडुप परिसरातील सुमारे २५६ एकर मिठागर जमीन पुनर्वसनाच्या गृहयोजनेसाठी देण्याचा निर्णय झाला. निवाऱ्याची गरज खरी आहे, हे नाकारता येत नाही. महानगरातील गरीब माणसाचे घर व पक्ष्याचा विसावा यांची एकमेकांविरुद्ध मांडणी करणे योग्यही नाही. परंतु ‘ही जागा पडीक आहे’ असे गृहीत धरून होणारा निर्णय आणि ‘भरतीच्या वेळी येथे हजारो पक्षी विसावतात’ हे जाणून होणारा निर्णय यांत मूलभूत फरक आहे. दुसऱ्या प्रकारच्या निर्णयासाठी नोंदी लागतात आणि त्या नोंदी करण्याचे काम महाविद्यालये करू शकतात.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने खाडीभोवतीच्या सहा पाणथळ जागा अभयारण्याच्या ‘उपग्रह पाणथळी’ म्हणून सांभाळाव्यात, असा प्रस्ताव मांडलेला आहे. अभयारण्य व या जागा यांचा एकत्रित विचार करणे, हीच त्यामागील भूमिका आहे. भरती-ओहोटीच्या दृष्टीने पाहिल्यास ती तर्कशुद्ध ठरते.

९. निरीक्षकाची जबाबदारी

पक्षिनिरीक्षक हाही खाडीवरचा एक हस्तक्षेप असतो. म्हणून काही पथ्ये कटाक्षाने पाळावीत. विसावलेल्या थव्याच्या जवळ जाऊ नये. पक्षी माना वर करून एकाच दिशेने पाहू लागले की आपण फार जवळ आलो आहोत असे समजून मागे सरावे. चांगल्या छायाचित्रासाठी थवा उडवू नये. ड्रोन वापरू नये व ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्यांना आकर्षित करू नये. चिखलात उतरू नये. त्यात माणूस कमरेपर्यंत रुतू शकतो आणि पाणी चढण्याचा वेग अपेक्षेपेक्षा अधिक असतो. गट पंधरा-वीस जणांहून मोठा नसावा. खाडीवर उपजीविका करणारे कोळी बांधव हे तेथील पहिले निरीक्षक आहेत. त्यांच्याशी आदराने संवाद साधावा व त्यांच्याकडून मिळालेल्या माहितीची नोंद करावी.

१०. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) ठाणे खाडीत एप्रिलचा उत्तरार्ध व मेचा पूर्वार्ध हा पक्षिनिरीक्षणासाठी गौण नव्हे, तर विशेष अनुकूल काळ आहे.

२) खाडीवरील क्षेत्रभेटीची वेळ घड्याळावरून न ठरवता तिथी व भरती-कोष्टक यांवरून ठरवावी, तसेच प्रत्येक नोंदीत पाण्याची अवस्था लिहावी.

३) चरण्याची जागा व विसाव्याची जागा मिळून पक्ष्याचा एक अधिवास होतो. त्यांपैकी एकाच जागेला संरक्षण देणे अपुरे आहे.

४) महाविद्यालयांनी वर्षातून किमान एक भेट ओहोटीच्या वेळी अभयारण्यात व एक भेट भरतीच्या वेळी अभयारण्याबाहेरील विश्रामस्थळावर, अशी जोडभेट आखावी.

यांतील चौथी सूचना खर्चाच्या दृष्टीने अगदी किरकोळ आहे. ऐरोली ते नेरूळ हे अंतर लोकलने सहज कापता येते. तिचे शैक्षणिक मोल मात्र मोठे आहे. अभयारण्यात रोहित पाहणाऱ्या विद्यार्थ्याला पक्षी सुंदर असतो एवढे कळते. तोच थवा भरतीच्या वेळी इमारतींच्या सावलीतील एका अनाम तळ्यावर उभा असलेला पाहिला, म्हणजे त्या तळ्यात पाणी आणणारी मोरी उघडी राहणे का आवश्यक आहे, हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.